समुद्राला घातलेली चूण

आमच्या शेजारच्या शिंप्याची लेक लग्न होऊन इतकी लांब गेली, की तिला विमानानेसुद्धा यायला चौदा तास लागायचे. बोलावलं की फोनवर ठरलेलं उत्तर, "बाबा, सुट्टी मिळते चार दिवसांची. उंबऱ्याला पाय लावून परत फिरू का?"

शेवटी शिंप्याने कापडावर छापलेला जगाचा नकाशा आणला आणि दोन शहरांमध्ये टेप धरली. "वीतभर तर आहे! बाकी सगळं नुसतं ढगळ पाणी," म्हणाला, आणि समुद्राला खोल चूण घालून त्याने वरून टीप मारली. खोटं वाटत असेल तर त्या वैमानिकाला विचारा. बिचाऱ्याने पट्टा बांधला न बांधला तोच उतरायची वेळ झाली.

लेक आली. चार दिवस शिंप्याने मशीनला हात लावला नाही.

ती निघायच्या सकाळी शिंपीणबाई कात्री घेऊन नकाशापाशी बसल्या. "उसवते ही शिवण. इतक्या झटक्यात कुठे पाठवायची तिला? जाऊ दे रमतगमत. वाटेत असेल तेवढा वेळ तरी आपलीच म्हणता येईल."

शिंप्याने कात्री काढून घेतली. "वेडी की काय तू? पोर बसून बसून अवघडेल."

तो मशीनपाशी बसला, पण सुईचं भोक काही त्याला दिसेना. मग बाईंनीच दोरा ओवून दिला, आणि त्याने त्या चुणीवर दुसरी टीप मारली, पहिलीपेक्षा पक्की.