तुकाबाईचा अर्धा तास

अवसरी बुद्रुकच्या समाजमंदिरात सावळेराम गुरुजी रोज सकाळी सहाला ध्यान घ्यायचे. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचं हेडमास्तरपण काही सुटलं नव्हतं. सतरंज्या ओळीत, चपला ओळीत, आणि आता माणसांची मनंही ओळीत हवीत म्हणून त्यांनी छापील फॉर्म आणले. त्यात रकाना होता, 'साधनेचा हेतू'. ज्याचा हेतू शुद्ध नाही त्यानं सोमवारपासून येऊ नये, असं त्यांनी सांगून टाकलं.

तुकाबाईनं वर्षभरात एक दिवस चुकवला नव्हता.

कुंडलिकनं खरं ते लिहिलं, बीपी उतरावं म्हणून. गुरुजींनी लाल रेघ मारली. हर्षालीला पोलीस भरतीच्या अभ्यासात लक्ष लागायला हवं होतं, तिच्यावरही लाल रेघ. दोघांनी नवे फॉर्म मागून घेतले आणि 'आत्मशुद्धी' लिहून मोकळे झाले. गुरुजी खूश. दोन मिनिटांत दोन आत्मे धुऊन कसे निघाले, हे काही त्यांनी विचारलं नाही.

तुकाबाईला लिहिता येत नव्हतं. गुरुजी स्वतः पेन घेऊन तिच्यासमोर बसले.

"हितं मला कोण हाक मारत न्हाई," ती म्हणाली. "म्हून येते."

बाईला प्रश्न कळला नाही असं वाटून गुरुजींनी मोक्षापासून सगळं समजावलं. कुंडलिकनंही मागून हळूच सुचवलं, आत्मशुद्धी म्हण आणि सुट. एका शब्दाचं काम होतं. पण तुकाबाईला त्या शब्दाचाच राग आला. मेंढरांमागं रानोमाळ फिरण्यात तिची पंचवीस वर्षं गेली. तुका, पाणी आण. तुका, कोकरू बघ. मग मेंढरं विकली, स्लॅबचं घर झालं, तरी हाका काही कमी झाल्या नाहीत. सुनेच्या, नातवाच्या आणि सगळ्यात जास्त नवऱ्याच्या, राघूच्या. दिवसातला एवढाच अर्धा तास तिचा होता. तोही खोटं बोलून मिळवायचा, तर तो तिचा कसला?

"ही पळवाट झाली, साधना नव्हे," गुरुजींनी रेघ मारली. "सोमवारपासून येऊ नका."

तुकाबाई जागची हलली नाही.

"गुरुजी, आमची मेंढरं खतासाठी तुमच्या रानात बसायची. तितं तुमी कांदा लावणार का बटाटा, आमी कधी इचारलं न्हाई. मेंढरं बसली, रान पिकलं. आन् आता मी का बसते, त्याचा तुमाला हिशेब पायजे व्हय? सोमवारी मी येणार. उठवायचं आसंल तर हाताला धरून उठवा."

गुरुजी नुसते कागद सारखे करत राहिले.

सोमवारी ती पावणेसहालाच आली आणि पहिल्या ओळीत मधोमध बसली. डोळे तिनं घट्ट मिटून घेतले. सहाला सगळे बसले. गुरुजींची पावलं तिच्यासमोर येऊन थांबली. ती वाट बघत राहिली. त्यांनी हात धरला असता तर ती आरडाओरड करणार नव्हती, पण उठणारही नव्हती.

तेवढ्यात दारातून राघूचा आवाज आला. "तुका, हिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली कुठं ठिवली गं?"

सवयीनं तिचा गुडघा हलला. तिनं तो दाबून धरला.

"राघूभाऊ, त्या बसल्यात," गुरुजी म्हणाले.

"आवं, लाईट जाईल. निस्तं कुठं ठिवली तेवढं सांगू द्या तिला."

गुरुजींची पावलं तिच्यापुढून दाराकडे गेली.

"किल्ली तुम्ही शोधा," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.