नागाचं रक्त

बरणीतलं पाणी तपकिरी व्हायला लागलं, तशी बायकांनी पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवले.

वस्त्यावस्त्यांतून फिरणारा दांबी गुरू डोळे मिटून मंत्र पुटपुटत होता. समोर काचेच्या दोन बरण्या, शेजारी पोथीची पेटी. एकीत आमच्या नव्या बोअरचं पाणी, दुसरीत त्याच्या गाडीतल्या कॅनमधलं ‘पवित्र’ पाणी. दोन्हींत दोन-दोन लोखंडी कांबी बुडवलेल्या, वरून निळं रेशीम गुंडाळलेलं. पवित्र पाणी होतं तसंच नितळ. बोअरच्या पाण्यात मात्र घाणेरडे ढग उठत होते.

“बघा!” दांबी ओरडला. “ही माती नव्हे. हे पाताळातल्या नागाचं रक्त! तुम्ही त्याच्या पाठीला भोक पाडलंत आणि वर त्याचाच चहा करून पिताय!”

“म्हणजे माझी उंटीण गाभडली ती...”

“त्यामुळेच!”

“आणि माझा गुडघा?”

“त्यामुळेच!”

“जावई दारू पितो, तो?” मागून एक म्हातारी म्हणाली.

दांबी क्षणभर अडखळला. “तोही त्यामुळेच.”

कुणी हसलं नाही. आज वाटतं, तेव्हा हसलो असतो तरी वाचलो असतो.

ही बोअर आणली होती खांडसुरेनने. नवरा गेल्यावर एकटीने कळप सांभाळणारी बाई. आधी आम्ही गोबीच्या वाळवंटातल्या एका उघड्या खड्ड्याचं पाणी प्यायचो. त्याच खड्ड्यात उंटं तोंड घालायची, शेळ्या लेंड्या टाकायच्या, आणि दर वसंतात पोरं जुलाबाने आडवी व्हायची. खांडसुरेनने तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून घालून साहेबांना जेरीस आणलं, तेव्हा कुठे बोअर पाडायचं यंत्र आलं. उन्हावर चालणारा पंप बसला, जनावरांसाठी वेगळी डोण झाली. पोरं आजारी पडायची थांबली.

ती पुढे आली. “गुरुजी, त्या कांबी माझ्या हातात द्या. मी बुडवून बघते.”

“बाईच्या हाताने नाग आणखी खवळेल!”

“खवळू दे की. बघू तरी.”

“गप्प बस गं!” गोंबोजाव काका खेकसले. आमच्या वस्तीत सगळ्यांत वडीलधारे तेच. “तुझ्या हट्टापायीच हे झालं. किती वेळा तोंड उघडशील?”

“काका, नळाचं पहिलं पाणी तुम्हीच प्यायला होतात.”

काकांनी मान फिरवली.

दांबीने उपाय सांगितला. नागाची जखम बुजवायची, प्रत्येक घराने आपल्या हाताने दगड टाकायचा आणि घरटी एक मेंढी त्याला द्यायची. आम्ही पंप उपटला. बोअरच्या तोंडात दगड टाकले. टाकताना हात जोडले. कुणीतरी खांडसुरेनच्याही हातात दगड कोंबला. तिने तो खाली ठेवला आणि आपल्या तंबूकडे चालती झाली.

आम्ही पुन्हा खड्ड्यावर आलो.

काही दिवसांतच काकांची नात, नोमिन, उलट्या-जुलाबांनी पिळवटून निघाली. डोळे खोल गेले, रडताना पाणीही येईना. काका दांबीच्या पवित्र पाण्याचे थेंब तिच्या कपाळाला लावत बसले. घोड्यावर बसून डॉक्टरला आणायला गेली ती खांडसुरेनच. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर उदवाल आली, तिने सलाईन लावलं. पोरीने डोळे उघडल्यावर तिने विचारलं, “पाणी कुठलं पाजलंत हिला?”

मग काकांनी खाली बघतच सगळं सांगितलं. दांबी मेंढ्या न्यायला त्याच दिवशी आला होता. डॉक्टरने त्याला बोलावलं.

“गुरुजी, मलाही दाखवा ना चमत्कार. बोअर तर बुजलीय. दोन्ही बरण्यांत तुमचंच पाणी घाला.”

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्याने कांबी बुडवल्या, मंत्र म्हटले. दोन्ही बरण्यांतलं पाणी नितळ राहिलं. “पवित्र ते पवित्रच!” तो खुशीत म्हणाला.

डॉक्टरने चुलीजवळचं चहात घालायचं मीठ चिमटीने उचललं आणि एका बरणीत टाकलं. आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळाने त्या पवित्र पाण्यात तसेच घाणेरडे ढग उठले.

“गुरुजी,” तीच म्हातारी म्हणाली, “मग आमच्या चहातही नाग मरतो की काय रोज?”

डॉक्टरने निळं रेशीम ओढून काढलं. खाली तारा होत्या, आणि त्या पोथीच्या पेटीत लपवलेल्या गाडीच्या बॅटरीला जोडलेल्या होत्या. “जमिनीखालच्या पाण्यात क्षार असतातच,” ती म्हणाली. “त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. हे रक्त त्या कांबींचं आहे. ह्याच्या कॅनमध्ये बॅटरीत घालायचं पाणी आहे. त्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नाही. बोअरचं पाणी मी स्वतः तपासून घेतलं होतं. चांगलं होतं ते.”

होतं.

दांबीला कुणी मारलं नाही. त्याच्या गाडीतून मेंढ्या उतरवून घेतल्या आणि त्याला जाऊ दिलं. मारणार कोणत्या तोंडाने? त्याने एकही दगड टाकला नव्हता. पुरुषांनी दोराला आकडे बांधून बोअरमध्ये सोडले. दगड घट्ट बसले होते, एकही हलला नाही. त्या संध्याकाळी घराघरांत माणसं एकमेकांकडे न बघता जेवली.

काका खांडसुरेनच्या दारात गेले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. “पोरी, माझं चुकलं,” एवढंच त्यांना म्हणता आलं.

तिने त्यांना आत बसवलं, दोन्ही हातांनी चहा दिला. “माझी माफी नको, काका. कचेरीत जा. बोअर बंद पडली असं सांगू नका. आम्ही बुजवली म्हणा. का बुजवली, तेही सांगा.”

“हसतील गं आम्हाला.”

“हसू देत.”

काका गेले, सोबत आम्ही बाकीचेही. टेबलामागची तरुण मुलगी ऐकता ऐकता लिहायची थांबली. ती हसली नाही; हसली असती तर बरं झालं असतं. नवी बोअर कधी मिळेल ते तिला सांगता येईना. तोवर आम्ही खड्ड्याचं पाणी उकळून पितो. किती वेळ उकळायचं ते खांडसुरेनने घरोघरी जाऊन शिकवलं, आमच्याही घरी.

तुमच्याकडेही असा कुणी येईल. त्याच्या बरणीत काहीही दिसो, हात जोडण्याआधी एकदा विचारा, हे कशाने झालं? विचारल्याने देव रागावत नाही. आमच्या पोरांच्या तोंडचं पाणी आम्ही स्वतःच्या हातांनी बुजवलं, कारण तेवढं विचारायला आम्ही घाबरलो.