स्वतःचं असं काहीतरी

चाकावरची माती पुन्हा एका बाजूला कलली आणि बसली. आईने पाय उचलला. चाक हळूहळू थांबलं.

"हात सैल सोडा," मातीकाम शिकवणाऱ्या बाई मागून म्हणाल्या. "त्यांना जिकडे जायचंय तिकडे जाऊ द्या."

आईने हातांकडे पाहिलं. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. सगळी नोकरी रुग्णालयाच्या चादरींच्या घड्या घालण्यात गेली होती. निवृत्तीनंतर मांडीवर स्वस्थ पडून राहावं, एवढीच त्यांची इच्छा असावी. पण लेकीला ते बघवत नव्हतं. तिचे बाबा गेल्यापासून तर नाहीच.

"तुझं स्वतःचं असं काहीतरी हवं," ती म्हणायची. "सकाळी ज्याच्यासाठी उठावंसं वाटेल, असं."

आई सकाळी उठायची ती जाग आली म्हणून. लेकीला हे कारण पुरेसं वाटत नसे.

म्हणून आधी गाणं झालं, मग पोहणं. गाण्याच्या वर्गात आईच्या तोंडून आवाज फुटेना आणि तलावात तिने काठ सोडला नाही. घरी आल्यावर लेक विचारायची, "आवडलं?" आणि तापमापीकडे पाहावं तशी तोंडाकडे बघत राहायची.

"बरं होतं," आई म्हणायची.

लेकीचा चेहरा उतरायचा. आपण नापास झालो, पण विषय कुठला होता तेच समजलं नाही, असं आईला होऊन जायचं.

शेजारच्या चाकावर एक निवृत्त बसचालक होते. त्यांचं मडकं चांगलं गरगरीत उभं राहिलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं हो, आपल्याला हेच आवडतं ते?" आईने हळूच विचारलं.

"कळतंय कुठलं!" ते हसले. "दिवसभर घरी असलो की भांड्याला भांडं लागतं. बायको म्हणाली, भांडीच हवीत ना, मग बाहेर जाऊन करा."

आईलाही हसू आलं. पण घरी जाताना डोक्यात पुन्हा गुंता सुरू झाला. आवडतं म्हणजे नेमकं काय होतं? पोटात काही हलतं का? नवरा आवडायचा, पण ते तरी तो असताना कुठे एवढं कळलं होतं?

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत लेक फोनवर बोलत होती.

"नाही, अजून हो म्हटलेलं नाही... अहो, काम मला हवंच आहे. पण आईला इथे काहीच नाही. तिला अशी एकटीला टाकून कशी येऊ?"

आई चपला काढता काढता थांबली. लेक नाटकांची प्रकाशयोजना करायची. दूरच्या शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाने बोलावलंय, एवढं तिने मागे सांगितलं होतं, आणि "बघू" म्हणून विषय मिटवला होता. शाळेत असताना ही पोर घरभर टॉर्च घेऊन फिरायची, झोपलेल्या बापाच्या नाकाची सावली भिंतीवर मोठी करून दाखवायची. आपल्याला काय हवं, याचा तिला कधी प्रश्नच पडला नव्हता.

आई आवाज न करता जिना उतरून खाली गेली आणि पुन्हा वर आली. या वेळी तिने चपला जरा आपटूनच काढल्या.

जेवताना ती म्हणाली, "मला सापडलं बहुतेक."

"काय?"

"तू म्हणतेस ते. मातीत हात घातला ना, की तहानभूकसुद्धा आठवत नाही बघ." असं म्हणून तिने आणखी थोडी भाजी वाढून घेतली.

लेकीने उचललेला घास ताटात ठेवला. "खरं?"

"खरं."

लेक उठली आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकला. उष्टा हात तेवढा लांब धरला होता. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे, आईला समजेना. आणि एवढं धडधडीत खोटं बोलून आपल्याला काहीच कसं वाटत नाही, हेही समजेना.

लेक त्या दूरच्या शहरात कामाला गेली. आईने मातीकामाला जाणं सोडलं, मग एक दिवस गेली, मग पुन्हा सोडलं. का गेली आणि का सोडलं, दोन्ही तिला सांगता आलं नसतं.

एका रविवारी दुपारी फोन आला.

"आई, इथलं काम म्हणजे ना, अगदी मला हवं होतं तस्सं," लेक म्हणाली. "फार मजा येते. खरंच. फार शिकायला मिळतंय."

आईने फोन कानाशी घट्ट धरला. आवाज जरा जास्तच वरच्या पट्टीत लागला होता. "आवडतंय ना?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

"तुझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"भिंत," लेक म्हणाली. आवाज खाली आला होता. "शेजारच्या इमारतीची. हात बाहेर काढला तर लागेल, एवढी जवळ."

"रंग कसला आहे?"

"होता कधीतरी."

दोघी हसल्या. मग लेक बोलत सुटली. दिव्यांना हात लावायला मिळत नाही, नुसत्या तळघरात बसून वायरी गुंडाळायच्या. वरचा माणूस नावानेसुद्धा हाक मारत नाही. नळाला गढूळ पाणी येतं. परवा तर उगाचच रडू आलं, कशाचं ते माहीत नाही.

आईने मध्ये एकदाही काही सुचवलं नाही. तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि पाय वर घेऊन बसली.

"बरं," ती म्हणाली. "मग?"