रेशमाला अडकणारी बोटं

मी एक डबी. प्लॅस्टिकची, बसकी, निळ्या झाकणाची. पोटात घट्ट, बिनवासाचं क्रीम, म्हणजे होतं. आता तळ खरवडून झालाय, म्हणून जाण्याआधी चार शब्द बोलून घेते.

जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. औषधाच्या दुकानात मात्र बरेच दिवस नुसती बसून काढले. शेजारी गुलाबाच्या वासाच्या, सोनेरी झाकणांच्या नटव्या डब्या. माझ्याकडे कोण बघणार? एक दिवस एक बाई आली आणि म्हणाली, "वासाचं नको. कोरड्या कातडीला खरंच लागू पडेल असं द्या." त्या एका वाक्यावर माझं नशीब उघडलं.

तिनं मला आपल्या भावजयीच्या हातात ठेवलं. "वहिनी, पाळी गेल्यापासून अंग नुसतं खरखरीत झालंय तुझं. माझंही झालं होतं. रोज लाव हे."

"लावते ना, वन्सं," भावजय म्हणाली, आणि नणंदेची पाठ वळताच तिनं मला फळीवर नेऊन ठेवलं.

तिचाही तसा दोष नव्हता. माझी ही मालकीण रफूवाली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल. जळलेलं, कुरतडलेलं, खिळ्याला लागून फाटलेलं कापड लोक तिच्याकडे आणायचे आणि परत नेताना भोक कुठे होतं ते शोधत बसायचे. आणि रफूचं न् तेलकट हाताचं हाडवैर. रेशमाला तसं बोट लागलं की डाग पडलाच. टेबलाशी यायचं तर हात कोरडे ठणठणीत हवेत, हा पहिला धडा तिला सासूबाईंनी दिला होता.

मग माझा उपयोग बाकीच्यांनी केला. मालकिणीच्या नवऱ्यानं मला टाचांना फासलं, कपाटाच्या करकरणाऱ्या बिजागरीला फासलं, एकदा अडकलेली अंगठी काढायलाही मलाच जुंपलं. जिच्यासाठी आले तिचं बोट काही माझ्यात बुडालं नाही. मला राग यायचा, पण झाकण लावलेल्या डबीच्या रागाला विचारतो कोण?

सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. एके काळी त्या टेबलावर त्याच बसत. पन्नाशीला डोळे गेले, म्हणून त्यांनी सुई ठेवली आणि नव्या सुनेला काम शिकवून टेबल तिच्या हवाली केलं. सगळ्या घराला हे पाठ होतं. मला मात्र नवल वाटायचं. डोळे गेलेल्या या बाईला खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या झाकणावरची धूळ बरी दिसायची!

मालकिणीचं दुखणं वाढत चाललं होतं. पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे उठायचे. पाठीला खाज सुटायची तेव्हा कुणी बघत नाहीसं पाहून ती दाराच्या चौकटीला पाठ घासायची. सगळ्यात वाईट म्हणजे बोटांची टोकं. रेशमावरून बोट फिरवलं की तंतू त्याला अडकायचा. तिला वाटलं, बोटांना मळ धरतोय. मग कढत पाणी, कपड्यांचा साबण आणि टाचा घासायचा दगड! ती बोटं घासायची आणि मी फळीवरून मनातल्या मनात ओरडायचे, अगं बाई, थांब.

एका दुपारी एका गिऱ्हाइकाच्या आईची रेशमी शाल तिच्या टेबलावर होती. आई हयात नव्हती, शाल तेवढी उरलेली. भोक बुजलं. शेवटचं म्हणून तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं, आणि एक तंतू त्या भेगाळल्या बोटाला असा अडकला की वीतभर ओढला गेला. शालीवर चुणीची रेघ उठली.

तिनं सुई खोचून ठेवली. नवरा घरी आल्यावर म्हणाली, "मी हे काम बंद करतेय."

"अगं, पण का?"

"डोळे दमले माझे."

खुर्चीतल्या सासूबाई सरळ बसल्या. "तुझे डोळे चांगले आहेत."

"आई, तुमचेही याच वयात गेले ना?"

"माझे कुठे गेले होते!" एवढं बोलून त्या थांबल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बोटं अडकायला लागली होती. पाळी गेली त्याच वर्षी. मला वाटलं, हातातली कला गेली. कुणाला सांगणार? डोळे गेले म्हटलं की लोक कीव करतात, हात गेला म्हटलं की नावं ठेवतात. म्हणून डोळ्यांवर ढकललं."

मला तर रडूच आलं असतं.

हे कानावर गेलं तशी दुसऱ्या दिवशी नणंद वहिनीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. येताना मालकिणीच्या हातात चिठ्ठी होती, ती तिनं सासूबाईंना वाचून दाखवली. पाळी जाते तेव्हा अंगातलं एक संप्रेरक कमी होतं आणि कातडीत ओलावा टिकत नाही. कढत पाणी आणि दगड बंद. साबण सौम्य. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं. हातांना काम संपल्यावर जाडसर लावून वर सुती हातमोजे. कामाला बसताना कोमट पाण्यानं हात धुऊन कोरडे केले की रेशमाला डाग नाही. एवढं करूनही खाज राहिली तर पुन्हा दाखवायचं.

मालकिणीनं मला फळीवरून काढलं. हात झाले, पाय झाले, पाठ राहिली.

"वळ," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे आई, मी बघते."

"तुझा हात पोचतो का तिथे? वळ म्हटलं ना."

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी सुनेच्या हाताला धरून टाके शिकवले होते, पण पाठीवरून हात असा कधी फिरवला नव्हता. सुनेनं डोळे मिटून घेतले. बोटांना उरलेलं क्रीम सासूबाईंनी स्वतःच्याच हातांवर चोळलं. "पुसून कशाला टाकायचं," असं काहीतरी पुटपुटल्या. पुढे हे रोजचंच झालं.

महिनाभरानं मालकिणीनं शाल उलगडली. सुईच्या टोकानं तो तंतू तसूतसूनं मागे सारला, रेघ मिटवली, आणि श्वास रोखून वरून बोट फिरवलं. अडकलं नाही. ती तिथेच हसत आणि रडत बसली.

सासूबाई उठून टेबलाशी आल्या. हात धुतले, पुसले, आणि बाजूला पडलेल्या रेशमाच्या चिंधीवर बोट ठेवलं. बोट या टोकापासून त्या टोकाला सुळकन गेलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा गेलं.

"अठ्ठावीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एवढीशी गोष्ट होती गं."

सुनेनं दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या हातात सुई दिली. चष्मा लावून त्या दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा दोरा ओवला.

इतक्यात मालकिणीचा नवरा घरात शिरला. "आई, तुला दिसतंय?"

"सगळं दिसतंय. तू टाचांना आमचं क्रीम फासतोस, तेही दिसतंय."

आता मी रिकामी झालेय. माझ्या जागी नव्या दोन डब्या आल्यात, दोघींच्या दोन. मला टाकून द्यायला माझी हरकत नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी बाई अचानक म्हणाली, की डोळे दमले, आता हे काम मला झेपत नाही, तर लगेच मान डोलावू नका. आधी तिचे हात हातात घेऊन बघा. माझ्या या घरात ते अठ्ठावीस वर्षं कुणी केलं नाही.