सीमेचं तेल

६१,२०८

मीटरवर हा आकडा होता तेव्हा गाडी बेळगावात, हिंडलग्याच्या वाटेवरच्या एका बंगल्यासमोर उभी होती. अँबॅसिडर, डिझेल, राखाडी रंगाची. मालक पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर, म्हैसूरकडचे, निवृत्त होऊन आधीच गावी गेलेले. मागं राहिला होता त्यांचा ड्रायव्हर चन्नेगौडा. त्याने गाडी धुतली होती. विकून टाकलेली गाडी कोणी धुतं का? त्याने धुतली होती, पुसलीही होती.

घेणारा परशराम, निपाणीच्या एका हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. त्याची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घरात सायकलीच्या पुढचं वाहन कुणी घेतलेलं नव्हतं, आणि हेही हौसेने घेतलं जात नव्हतं. बायकोला, अक्काताईला, कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर नोकरी लागली होती. ड्यूटी सकाळी सहाची. निपाणीहून सहाच्या आत कोल्हापुरात पोचवणारी बस नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे कोल्हापुरात बायकांच्या वसतिगृहात खाट घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचं. उज्ज्वला तीन वर्षांची होती. पेट्रोलची गाडी रोज चाळीस किलोमीटर जाऊन परत आली असती तर अक्काताईचा पगार गाडीच प्यायली असती. म्हणून डिझेल. म्हणून जुनी.

चन्नेगौडाने किल्ली लगेच दिली नाही. तीन बोटं वर करून तीन गोष्टी सांगितल्या. कानडी मऊ, भराभर, म्हैसूरच्या बाजूची. परशरामाचे कान बेळगावच्या कानडीवर वाढलेले, अर्धं निसटलं. पण मास्तर माणूस, "काय म्हणालात?" असं विचारायची लाज वाटली. तिसऱ्या बोटावर चन्नेगौडा थांबला आणि सावकाश म्हणाला,

"सीमे एण्णे मात्र हाकबेडी, सार."

एण्णे म्हणजे तेल. हाकबेडी म्हणजे घालू नका. आणि सीमा म्हणजे काय, हे निपाणीच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

"हौद्री," परशरामाने होकार दिला, आणि किल्ली घेतली.


६१,२८४

दुसऱ्या दिवशी त्याने बारीक ब्रशने, पांढऱ्या रंगात, डॅशबोर्डवर लिहिलं:

१. इंजन तापायला हीटर लावून वीस मोजावे, मग किल्ली.
२. लांबून आल्यावर इंजन लगेच बंद करू नये. दम खाऊ द्यावा.
३. सीमेचं तेल घालू नये.

अक्षर देखणं आलं. अक्काताईने वाचलं.

"ह्ये तिसरं काय?"

"कोगनोळी नाक्याजवळचा पंप. तिथलं तेल घालायचं न्हाई. हद्दीवरचा पंप, भेसळ असणार."

"ड्रायवर म्हणला असं?"

"बोट दावून म्हणला."

मूळ वाक्य तिने ऐकलं नव्हतं. तिच्यापर्यंत ते मराठी होऊनच आलं.


६४,५५० (पाऊस)

हीटर. एक. दोन.

"डबा?"

"घेतला." चार. पाच.

"उजू जागी झालती?"

"कूस बदलली नुस्ती. आजीच्या पदराचं टोक धरून झोपलीया." आठ. नऊ. दहा.

"अहो, मोठ्यानं मोजू नका, शेजारी उठतील."

"मनात मोजलं की चुकतो." तेरा. चौदा.

"पोरांस्नी शाळंत काय शिकवता मग?"

"चित्रकला. तिथं मोजायचं नसतं." सतरा. अठरा. एकोणीस.

वीस. किल्ली. एक खोकला, एक धुराचा ढग, आणि गाडी चालू.

पाच बावन्नला कोल्हापूर. रोज. जून, जुलै. अक्काताई दुपारी बसने परत यायची, उज्ज्वला उंबऱ्यात बसून असायची.


६६,०९०

नाक्यावरचा पोलीस खिडकीतून वाकून पाटी वाचतो.

"मास्तर, ह्ये कुठल्या सीमेचं तेल? ह्या बाजूचं का त्या बाजूचं?"

"मधलं."

"मग बरोबर हाय. जावा."

आणि निपाणीच्या बाजारात एकाने पाठीवर थाप मारली. "शाब्बास मास्तर! तेलावर पण बहिष्कार!" परशराम हसला. आपल्या पाटीचा एवढा अर्थ निघतो, हे त्याला वाईट वाटलं नाही.


६७,३०२

सत्याप्पा हा शेजारी. उसाच्या मळ्यांतली पाण्याची इंजनं दुरुस्त करणारा. हाताला कायम ग्रीस, तोंडाला कायम सल्ला.

"किती देती रं लिटरला?"

"चौदा."

"माझी इंजनं निम्मं रॉकेल पिऊन ऊस भिजवत्यात. तू गाडीला पाटलाची सून करून ठेवलंयस. दहाला दोन लिटर रॉकेल घाल. पोट साफ ऱ्हातंय, खर्च बी उतरतोय."

"काय व्हत न्हाई न्हवं?"

"तुझ्या पाटीवर लिवलंय का बघ. लिवलं असलं तर नगं घालू."

परशरामाने खरोखर दार उघडून पाटी वाचली. तिन्ही कलमं. रॉकेलचं नाव कुठेच नव्हतं.

त्याने घातलं. पहिल्या आठवड्यात दहाला दोन. मग तीन. तेल मात्र निपाणीतूनच भरायचा, नाहीतर कागलात. नाक्याजवळच्या पंपासमोरून जाताना मान सरळ ठेवायचा.


७१,४८०

वीस मोजून भागेना. चाळीस. मग साठ. चालू झाली तरी चढाला गाडी कण्हायची. गरम झाल्यावर बंद पडली की पुन्हा लवकर उठायची नाही.

सहा वाजून सात मिनिटं. सहा वाजून अकरा मिनिटं. दोनदा.

सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "अक्काताई, तुमची नोकरी अजून कच्ची आहे. वसतिगृहात एक खाट रिकामी आहे, मी धरून ठेवलीय. पुन्हा उशीर झाला तर ती घ्या. मला दुसरं काही करता येणार नाही."

घरी येऊन तिने हे परशरामाला सांगितलं. उज्ज्वलाला सांगितलं नाही. सत्याप्पाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "थंडी हाय. थोडं रॉकेल वाढीव."


७२,०४०

कोगनोळीच्या अलीकडच्या चढावर गाडी थांबली. पाच वाजून दहा. पूर्वेला अजून काही नव्हतं. समोर दोनशे पावलांवर पंपाचा पिवळा दिवा.

"तेल संपलं असंल," अक्काताई म्हणाली. "पंप समोर हाय. डबा घेऊन जावा."

"तिथलं न्हाई."

"अहो."

"ड्रायवरनं तीनच गोष्टी सांगितल्यात. सहा म्हयने पाळल्यात मी."

"माझ्या नोकरीची पन्नास मिंटं उरल्यात आन् तुम्ही पाटी वाचत बसलाय."

त्याने हीटर लावला. मोजत राहिला. तिने साठपर्यंत ऐकलं, मग डबा घेऊन उतरली, रस्त्यात उभी राहिली आणि तंबाखूच्या ट्रकला हात केला. चढताना वळून पाहिलं नाही. ट्रकचे तांबडे मागचे दिवे वळणावर गेले तेव्हा परशराम एकशे बारावर होता.

टाकी तेलाने अर्धी भरलेली होती. हे त्याने काठी घालून पाहिलं, उजाडल्यावर.

ती सहा वीसला पोचली. त्या दुपारी बसमधून उतरली नाही.


७२,०४०

ढकललेल्या दोनशे पावलांची दखल मीटरने घेतली नाही. गाडी उभी करायला दुसरी जागाच नव्हती, ती नाक्याजवळच्या पंपाच्या आवारात, कडुलिंबाखाली उभी राहिली. पंपावरचा यल्लाप्पा आत डोकावला, पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"मास्तर, माझ्या पंपाची बदनामी माझ्याच अंगणात आणून लावलीसा की."

परशरामाने बॉनेट उघडलं.

"चहा घ्या," यल्लाप्पा म्हणाला. "चहा तिकडचा हाय, कागलचा. चालंल न्हवं?"


७२,०४०

सत्याप्पाने डिझेलचा पंप खोलला. टाकीतलं तेल इंजिनात ढकलणारा, नारळाएवढा, जड. गोणपाटात गुंडाळून परशरामाने तो मांडीवर घेतला आणि बसने बेळगावला नेला. वडगावात मागांच्या खटखटीमध्ये एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. मिस्त्रीने पंप उघडला, आतला दांडा उजेडाला धरला.

"झिजलाय. एवढा कसा झिजला? भेसळीचं तेल घातलंत काय?"

"सीमेवरचा एक थेंब घातला नाही."

"मग आधीपासूनच दुखतंय. जुन्या मालकाला विचारा, ह्यो कधी खोलला होता. त्यावर ठरवू, दांडा बदलायचा का पंपच."

सहा दिवस झाले होते. उज्ज्वलाने उंबऱ्यात बसणं सोडलं होतं. ते परशरामाला पंपापेक्षा जास्त लागलं.


७२,०४०

कोल्हापूर. तारघर. परशरामाने म्हैसूरचा ट्रंक कॉल लावला, गाडीच्या जुन्या मालकांच्या बंगल्यावर, चन्नेगौडाच्या नावाने. दोन तास बाकावर बसला. मग काचेच्या खोलीत त्याला बोलावलं.

"म्हैसूर बोला. लाईन चालू आहे."

आवाज अक्काताईचा होता. ऑफिसातला, इस्त्री केलेला. तो "अगं" म्हणणार होता, पण तोवर तिकडून चन्नेगौडा ओरडायला लागला होता. परशरामाने आपल्या कानडीत विचारलं, पंप कधी खोलला होता?

कधीच नाही. चन्नेगौडा दुखावला. साठ हजार किलोमीटर, आणि एकदाही नाही. मग त्याचा आवाज संशयाने बारीक झाला.

"सीमे एण्णे हाकिद्रा, सार?"

"इल्ल! इल्ल री!" परशराम छाती पुढे काढून म्हणाला. "सीमी दाटिदमेलेच हाकतीवि."

नाही, नाही, सीमा ओलांडल्यावरच घालतो.

तारेत खरखर. चारशे मैलांची.

"सीमे दाटि?" चन्नेगौडा म्हणाला. "याव सीमे? सीमे एण्णे, सार! दीपक्के हाकोदु! दीपक्के!"

कुठली सीमा? दिव्यात घालतात ते. परशरामाला प्रत्येक शब्द कळला आणि काहीच कळलं नाही. सीमेवर कसला दिवा?

तारेत कुणीतरी श्वास घेतला.

"रॉकेल," अक्काताईचा आवाज म्हणाला. इस्त्री मोडलेला. "अहो, रॉकेल म्हणतोय त्यो. आपल्याकडं कानडीत चिमणी एण्णी म्हणतो न्हवं, तेला तिकडं सीमे एण्णे म्हणत्यात, बोर्डावर ऐकलंय मी. रॉकेल घालू नगा, म्हणलावता त्यो तुम्हाला."

बोर्डावर बसून मध्ये बोलायचं नसतं. हसायचं तर मुळीच नसतं. ती हसली की रडली हे तारेतून कळलं नाही.

परशराम काचेला डोकं टेकून उभा राहिला. सहा महिने त्याने तिसरं कलम अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

"गाडी हेगिदे, सार?" चन्नेगौडा विचारत होता. पंप नव्हे. गाडी कशी आहे.

"मलगेती," परशराम म्हणाला. झोपलीय.

"एब्बिसि," चन्नेगौडा हळू म्हणाला. उठवा.

"तीन मिनिटं झाली," अक्काताई म्हणाली.


७२,०४०

दांडा बदलून आला. टाकी उपसली. सत्याप्पाने पंप बसवला, नळीचा नट ढिला करून आत अडकलेली हवा काढली. बुडबुडे, बुडबुडे, मग एकसंध धार. तो सारा वेळ खाली मान घालून काम करत होता. शेवटी म्हणाला, "ऊस भिजवायची इंजनं येगळी असत्यात. मला तवाच म्हणायला पायजे हुतं."

"पाटीत नव्हतं," परशराम म्हणाला.

त्याने काळ्या रंगाची डबी आणली होती. दोन शब्द झाकले. रंग ओला असल्यामुळे त्यावर लगेच लिहिता येईना. उरलं ते असं:

३.                    घालू नये.

यल्लाप्पाने वाचलं. "ह्ये बेस झालं. आता कुणाचीच बदनामी न्हाई. टाकी भरू?"

"भरा. काठोकाठ."


७२,०६८

वसतिगृहाच्या फाटकात अक्काताई वळकटी घेऊन उभी होती. मागच्या सीटवर उज्ज्वला, आजीच्या शालीत; परशरामाने तिला बसने पंपापर्यंत आणलं होतं. तिने आईकडे पाहिलं नाही. वळकटीकडे पाहिलं, ती गाडीत चढली का ते पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"बाई काय म्हणल्या?"

"खाट म्हयना संपस्तोवर ठिवत्यात. त्याच्या आत येक दिस जरी उशीर झाला..." तिने वाक्य सोडून दिलं आणि पाटी वाचली. "काय घालू नये?"

"रंग वाळला की लिहितो. तू सांग काय लिहू."

कागल गेलं, नाका गेला, पोलिसाने हात केला.

"लिवा, काहीबाही."

"काहीबाही काय?"

"तेच. काहीबाही घालू नये."


७२,१०८ (सोमवार)

हीटर. एक. दोन. तीन.

"डबा?"

चार. पाच. सहा. सात.

"आज मी मोजत न्हाई," परशराम म्हणाला. "तू मोज."

"आठ," अक्काताई म्हणाली. मोठ्याने. शेजारी सत्याप्पाच्या घरात दिवा लागला, खिडकी उघडली. "नऊ. धा. अकरा."

तिचा हात दाराच्या कडीवर होता.

"अठरा. एकोणीस. वीस."


७२,१४८

पाच बावन्न.

ती उतरून जिना चढून गेली. परशरामाने इंजन चालूच ठेवलं, दुसऱ्या कलमाप्रमाणे, गाडीला दम खाऊ दिला. वरच्या मजल्यावर बोर्डाच्या खोलीतला दिवा दिसत होता. सहाच्या ठोक्यापर्यंत तो तिथेच बसून राहिला. मग किल्ली फिरवून इंजन बंद केलं.