नवरीच्या वेण्या

"सोड त्या वेण्या," मर्सी म्हणाली. "सगळ्या सोड, आँटी."

अतियेनोचा हात थांबला. पाचला प्रयोग, दोन वाजून गेलेले, आणि या बारीक वेण्या घालण्यात तिचे काल सहा तास गेले होते. मर्सी नाटकातली नवरी. काळ्या बायकांना दोह्यात नवरीचं काम कोण देणार, म्हणून या केनियाच्या पोरींनी आपलं नाटक आपणच उभं केलं होतं. कोणी मॉलमध्ये सिक्युरिटीला, कोणी घरकामाला. अतियेनो चौदा वर्षं शाळेत आया. आठवडाभर लोकांच्या पोरांची नाकं पुसायची आणि शुक्रवारी अल नस्र भागातल्या या हॉलवर या पोरींची. मंडळीत कायदा एकच. आपले केस आपण विंचरायचे नाहीत. दुसरीनं विंचरायचे आणि विंचरता विंचरता भाषण म्हणून घ्यायचं.

सकाळी गावी मर्सीच्या आईला माती दिली. सुट्टी मिळाली नाही. बिचारीनं सगळं फोनवर पाहिलं, तेही अडकत अडकत. आता त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे लेकीनं केस उतरवायचे.

"अगं, नवरी ना तू?" कपडे शिवणारी वसईची लिझी कळवळून म्हणाली. "टकली नवरी बघून लोक काय म्हणतील? उद्या कर की. आईला थोडंच कळतंय!"

"मला कळतंय," मर्सी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

अतियेनोला संताप आला. लिझीचा नव्हे, स्वतःचाच. मनातल्या मनात तीही हेच म्हणत होती.

"लिझी, कात्री दे," ती म्हणाली. "आणि खालच्या दुकानातून रेझर आण."

एकेक वेणी उकलत गेली. मर्सी आपलं भाषण म्हणत होती, नवरी माहेर सोडते तेव्हाचं. मध्येच अडली तर अतियेनो हळूच पुढचा शब्द द्यायची. डोकं भादरून झालं, तेल लावून झालं, तरी अतियेनो बाजूला होईना. तिनं स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडला. आत सगळे पांढरे केस.

"माझी आई जाऊन चार वर्षं झाली," ती म्हणाली. "त्या दिवशी आपला प्रयोग होता. कोणाला बोलले नाही, केसही उतरवले नाहीत."

"त्या दिवशी? अगं, त्या दिवशी तर तू आम्हाला किती हसवलंस!" लिझी म्हणाली.

"हो. खूप हसलात."

मर्सीनं डोळे पुसले, उठून स्टूल पुढे सरकवलं. "बस."

अतियेनो बसली आणि कात्री लागायच्या आधीच हमसून हमसून रडायला लागली.

बाहेर कुणीतरी 'यल्ला, यल्ला', चला लवकर, करत दार वाजवलं.

"थांबा जरा!" लिझी आतून ओरडली. "इथं दोघींची आई गेलीय."