पाण्याची जबाबदारी

चाचणीच्या नळीत गोळी विरघळायला साधारण चाळीस सेकंद लागतात. मग पाण्याला गुलाबी रंग चढतो. जितका गडद, तितकं क्लोरीन जास्त. पोहण्याच्या तलावावर पंप सांभाळणाऱ्या बाई गेली बावीस वर्षं हा रंग दिवसातून तीनदा बघत आल्या होत्या. आज तो बघायला समोरच्या पायऱ्यांवर शंभरेक माणसं बसली होती.

नगरपालिका तलाव चालवायला बाहेर देणार होती. अर्ज दोनच आले होते: एक कंपनीचा, दुसरा इथे पोहणाऱ्या रहिवाशांच्या समितीचा. लोकांचं म्हणणं ऐकायला नगरपालिकेचे साहेब तलावावरच आले होते.

"पाणी रोज तपासू," कंपनीचा माणूस म्हणाला. "फिल्टरमधून येतं तिथे. एकदा."

"हे तिथलंच." बाईंनी पहिली नळी वर धरली. गडद गुलाबी. "आणि हे उथळ बाजूच्या शिडीमागचं."

दुसरी नळी जेमतेम रंगली होती.

साहेब दचकले. "म्हणजे पाणी खराब?"

"नाही. तिथलं पाणी फिरत नाही. तलाव उघडण्याआधी मी लांब दांड्याच्या ब्रशने ते हलवते, पुन्हा मोजते, मगच पोरांना आत सोडते. आज तुम्हाला दिसावं म्हणून ते हलवलं नाही."

"आमच्या नकाशात हे नाही," कंपनीचा माणूस पुटपुटला.

"तुमचा नकाशा पोहायला कधी उतरलाय का हो?" पायऱ्यांवरून एक आजी ओरडल्या. हशा पिकला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. पहिल्या वर्षी पोरांचे डोळे लाल व्हायचे. मग नळी घेऊन दर दोन पावलांवर मोजत सुटले. तीन दिवस लागले."

हे सांगताना आपली मान ताठ झाली आहे, हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ती तशीच राहू दिली.

साहेबांनी समितीचा अर्ज पुन्हा चाळला आणि समितीच्या अध्यक्षांकडे, निवृत्त मास्तरांकडे, पाहिलं. "सगळं ठीक आहे. पण पाण्याला जबाबदार व्यक्ती, हा रकाना कोरा का?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. तो रकाना त्यांनी दोन महिने बाईंसाठी मोकळा ठेवला होता, एकदाही घाई न करता. त्यात नाव घालायचं तर नगरपालिकेची कायमची नोकरी सोडावी लागणार होती. नाही घातलं तर बदली होऊन पहिल्या तारखेपासून जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत पंख्याखाली खुर्ची मिळणार होती. या बावीस वर्षांत बाईंना खुर्ची अशी मिळालीच नव्हती.

"नाव नसेल तर अर्ज बाद करावा लागेल," साहेब म्हणाले.

शेवटच्या रांगेत बाईंचा नवरा उभा राहिला.

"अगं, बोल ना आता! दोन महिने झोपेत क्लोरीनचे आकडे म्हणतेयस. खुर्चीत बसून तुझं काय होणार, ते मला दिसतंय."

लोक पुन्हा हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही नळ्या कठड्यावर सरळ उभ्या ठेवल्या आणि हात पदराला पुसले.

"साहेब, मी राजीनामा देते," त्या म्हणाल्या. "त्या रकान्यात माझं नाव लिहा."